जीपमागचा ट्रेलर आणि वजनाचा हिशेब

आमच्याकडे जीपला जोडून कच्च्या रस्त्यावर न्यायचा कॅम्पिंग ट्रेलर आहे हे कळलं की इंदुरातली मंडळी हटकून विचारतात, आत काय काय आहे? पलंग आहे का, फ्रिज आहे का, ओटा कसा केलाय? मी सगळं दाखवते, कारण सगळं हौसेनं केलंय. पण स्वतः घ्यायचा विचार करणारं कोणी असलं तर त्यांना सतरंजी देऊन आधी ट्रेलरखाली झोपायला लावते. वाटेत तो साथ देणार की नाही ते खालूनच कळतं. आस (अॅक्सल) कसा आहे, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) कुठे टेकलेत, बेअरिंगची टोपी, ब्रेकची केबल, वायरी कुठून नेल्यात. आणि मग विचारते, भरल्यावर वजन किती होणार? या प्रश्नाचं उत्तर सहसा कोणाकडे नसतं. आम्ही ट्रेलर वापरायला शिकलो ते हे उत्तर शोधता शोधता.

आमचा ट्रेलर एका आसाचा आणि बुटका आहे. मधे सामानाची पेटी, मागचं दार उघडलं की ओटा, वर घडी घालून बसवलेला तंबू. तंबूचं झोपायचं फळकूट बाजूला उलगडतं आणि जमिनीपासून गुडघाभरच वर राहतं. जीपच्या टपावर तंबू लावून फिरणारे मित्र विचारतात, एवढा व्याप कशाला? आमची कारणं दोन. सासूबाईंना शिडी चढवत नाही आणि त्यांना घरी ठेवून जायचं नव्हतं. दुसरं म्हणजे टपावर तंबू असला की जीप हलवायची तर आधी घर आवरावं लागतं. ट्रेलर एकदा टेकवला की जीप मोकळी. इंदूर पठाराच्या कडेला आहे. महू ओलांडून दक्षिणेला गेलं की विंध्याची कडा तुटते आणि खाली निमाड आणि नर्मदा लागते, उत्तरेला गेलं की चंबळ. एका ठिकाणी दोन-तीन दिवस तळ ठोकायचा आणि तिथून चहूकडे भटकायचं, असा आमचा प्रकार. त्याला ट्रेलरच सोयीचा.

असा ट्रेलर तयार मिळेल असं दुकान आमच्या टप्प्यात नव्हतं. पण इंदुरात बनवून घेणं अवघड नाही. शेजारी पीथमपूर, म्हणजे वाहनांच्या कारखान्यांचं गाव, असल्यामुळे आस, चाकांचे हब, पाटे, दिवे, रबर यांतले जाणकार शहरात सहज भेटतात. लोखंडी पाइप लोहा मंडीत, नटबोल्ट सियागंजात. आम्ही गेलो ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात. तिथे एक म्हातारे वेल्डर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. कारखान्यातला एक तरुण म्हणाला, ‘मैडम, ऐसा मजबूत बना देंगे कि कभी हिलेगा नहीं,’ आणि त्यानं दाखवलेलं चॅनेल सोयाबीनच्या ट्रॉलीचं होतं. ट्रॉली कित्येक टन माल घेऊन संथ चालते. आमचा ट्रेलर त्यामानानं हलका, पण साठ-सत्तरच्या वेगानं जाणार आणि खड्ड्यांत आपटणार. त्याला जाड लोखंड घातलं तर तेच लोखंड आपटत राहतं.

चाचांनी त्या मुलाला बाजूला केलं आणि खडूनं फरशीवर आकृती काढली. ट्रेलरचा सांगाडा मोडतो तो पुढच्या आडव्या पाइपाला ड्रॉबार, म्हणजे जीपकडे जाणारा दांडा, मिळतो तिथे. ड्रॉबार वरखाली वाकतो, म्हणून सगळ्यात जास्त ताण त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगावर येतो. त्या अंगावर आडवा वेल्ड घातला की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून आधाराची पट्टी बाजूच्या अंगाला, लांबीच्या दिशेनं. ‘जोड़ लंबा दो, आड़ा नहीं,’ एवढं त्यांचं एक वाक्य. आज कोणाचाही ट्रेलर पाहायला गेले की मी आधी तो सांधा बघते.

ड्रॉबार लांब ठेवा, हाही त्यांचाच आग्रह. तेव्हा तो गैरसोयीचा वाटत होता, कारण लांबी वाढली की उभा करायला जागा जास्त लागते. पण मागे घेताना आखूड ड्रॉबार क्षणात काटकोनात दुमडतो, लांब ड्रॉबार विचार करायला वेळ देतो. मागे घ्यायची युक्ती सांगून ठेवते. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. ट्रेलरची शेपटी डावीकडे जायला हवी तर हात डावीकडे, उजवीकडे हवी तर उजवीकडे. हळूहळू आणि थोडं थोडं. कोन वाढलासा वाटला की हट्ट न करता पुढे जाऊन पुन्हा सरळ व्हायचं. रिकाम्या मैदानात दोन विटा ठेवून हे घोटून घेतल्याशिवाय कोणीही गावाच्या गल्लीत शिरू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे नोंदणी आणि विमा दोन्ही लागतं. केंद्रानं २००४ मध्ये काढलेल्या वाहनप्रकारांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा बिगर-वाहतूक गटात आहे. ट्रेलरचे वर्ग एकूण वजनावरून पडतात, ७५० किलोपर्यंत टी-१ आणि त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२. आमच्या कारखान्याकडे ट्रेलर बनवण्याची मान्यता होती म्हणून मार्ग निघाला. नुसत्या वेल्डिंगच्या दुकानातून बनवून आणलेल्या ट्रेलरला नंबर मिळेल असं धरून चालू नका. आराखडा हातात घेऊन परिवहन कार्यालयात आधी विचारा, लोखंड नंतर कापा.

आता मुद्द्याचं. ट्रेलर तयार झाला, रंग झाला, सगळं सामान भरलं, आणि चाचा म्हणाले, ‘पहले धरमकाँटे पे ले जाओ।’ देवास नाक्याकडे जिथे मंडीचे ट्रक वजन करतात, तिथे आम्ही भल्या पहाटे गेलो. मागे लसणाच्या ट्रकांची रांग. काटेवाल्यानं आमच्याकडे बघून विचारलं, ‘इतना सा? शादी का सामान है क्या?’ पण माणूस चांगला होता, जीप सोडवून फक्त ट्रेलर काट्यावर उभा करू दिला. रिकाम्या ट्रेलरचं वजन कारखान्यानं ५२० किलो लिहून दिलं होतं. भरलेला भरला ८१० किलो. म्हणजे पाणी, गॅस, भांडी, खुर्च्या, अवजारं, छत्र, गाद्या मिळून २९० किलो आम्ही आमच्या हातांनी चढवले होते, आणि त्यातली एकही वस्तू उचलताना जड वाटली नव्हती.

दुसरं वजन त्याहून महत्त्वाचं, ते म्हणजे नाकाचं. ट्रेलरचा हिच, म्हणजे जीपला अडकणारा जोड, जीपवर किती किलोनं टेकतो, ते. धरमकाट्यावर आकडे दहा-दहा किलोंनी बदलतात, तिथे ते नीट कळत नाही. घरी आल्यावर धाकट्या दिरांनी माणसाचं वजन करायचा काटा फरशीवर ठेवला, त्यावर लाकडाचा ओंडका, आणि ओंडक्यावर हिच. ओंडका कापताना एक काळजी घ्यायची असते. जीपला जोडल्यावर हिच ज्या उंचीवर असतो, बरोब्बर त्याच उंचीवर तो टेकला पाहिजे. नाक वर किंवा खाली झालं की वजन सरकतं. आकडा आला १२८. भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, हे तर सोळा टक्के झालं. टाकी पुढे, गॅस पुढे, अवजारांची पेटी पुढे. मागे नुसती हवा.’

एका आसाच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास नाकावर हवेत. त्याहून फार जास्त झाले तर जीपची मागची बाजू बसते, पुढची उचलते, स्टिअरिंग हलकं पडतं आणि रात्री आपले दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. कमी झाले तर त्याहून वाईट. ट्रेलरची शेपटी डुलायला लागते. शेजारून मोठा ट्रक किंवा बस गेली की हवेच्या ओढीनं ती सुरुवात होते आणि वेगात वाढत जाते. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तेच करायचं नसतं. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, उलटसुलट फिरवून डुलणं मोडायचा प्रयत्न करायचा नाही. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं हलके दाबले की तो मागून ताणला जाऊन सरळ होतो.

मग घरी सुरू झालं वजनाचं काम. बॅग तोलायचा छोटा हुकाचा काटा आणला आणि एकेक वस्तू टांगून वहीत लिहिली. सासूबाईंनी त्या वहीचा ताबा घेतला. अवजारांची पेटी एकटीच ३८ किलोंची निघाली. त्यातली निम्मी अवजारं जीपमध्येही होती. बाजूला उलगडायचं छत्र २५ किलो, आणि तेही एकाच अंगाला, म्हणजे ट्रेलर तिकडे झुकलेला. दोन सिलिंडर, जाड लोखंडी तवा, चार घडीच्या खुर्च्या. सगळ्यात वजनदार अर्थातच पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि टाकी होती शंभर लिटरची.

टाकीवर घरात बरंच बोलणं झालं. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण इथे लहान मुलालाही पाठ असते. सासूबाईंचं म्हणणं असं की जिथे पावलापावलाला पाणी मिळतं तिथे शंभर किलो पाणी घाटातून का ओढायचं? उन्हाळ्यात ती म्हण तितकीशी लागू पडत नाही, निमाडात तर नाहीच. पण गावातल्या हातपंपावरून कॅन भरून आणता येतो, आणि प्यायचं पाणी तसंही आम्ही वेगळं नेतो. टाकी साठ लिटरची केली, आतून आडव्या पडद्या घातल्या म्हणजे अर्धवट भरल्यावर पाणी हिंदकळणार नाही, आणि तिची जागा बदलून ती थेट आसावर बसवली. टाकी आसाच्या पुढे असली की भरलेली असताना नाक जड आणि रिकामी झाल्यावर हलकं, म्हणजे जाताना एक ट्रेलर आणि येताना दुसरा. आसावर असली की पाणी असो-नसो, नाक जवळजवळ तेवढंच राहतं. जड सामान आसाच्या जवळ आणि खाली, हलकं दोन्ही टोकांना आणि वर. एवढं केल्यावर ट्रेलर भरला ६९० किलो, नाकावर ६८. जीप चालवतानाच फरक कळला. मागे काहीतरी आहे याची सतत होणारी जाणीव गेली.

वजनाचं खरं मोल घाटात कळतं. राऊ–खलघाट रस्त्यावरचा गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांमुळे इंदुरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे उताराची धास्ती आम्हाला उपजतच. आम्ही नर्मदेकडे उतरतो ते बहुधा महू–मंडलेश्वर रस्त्यानं. वर जाम दरवाजा आहे, अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला. माळव्यातून महेश्वरला, त्यांच्या राजधानीला जायची ही वाट. दरवाज्याखाली उभं राहिलं की सगळं निमाड पायाशी पसरलेलं दिसतं, आणि लगेच रस्ता झपाट्यानं उतरायला लागतो.

आमच्या ट्रेलरला रेट्यानं लागणारे ब्रेक आहेत. जीपनं वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो, हिचमधला दांडा आत दाबला जातो आणि त्यानं केबल ओढली जाऊन ब्रेक लागतात. साधी, भरवशाची रचना, विजेची भानगड नाही. पण तिची एक गोष्ट उतारावरच समजते. जीप दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर हळू उतरत असली की ट्रेलर सारखा रेटत राहतो, म्हणजे त्याचे ब्रेक सारखे थोडे थोडे घासत राहतात. आपण ब्रेकवर पायही ठेवलेला नसतो आणि मागे ड्रम तापत असतात. म्हणून घाटाच्या मध्यावर रुंद जागा बघून थांबायचं, चाकांना दगड लावायचे आणि थंड होऊ द्यायचे. या ब्रेकांना दुसरीही एक खोड असते. चढावर मागे घेताना तोच दांडा दाबला जातो आणि ब्रेक लागतात, म्हणून मागे घेताना दांडा अडवणारी खीळ असते. ती कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

थांबलं की मी पालथा हात हबजवळ नेऊन बघते. घाट उतरून आल्यावर ड्रम तापलेलाच असणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण सपाट रस्त्यावर, फारसा ब्रेक न लावता, बेअरिंगच्या टोपीचा चटका बसत असेल किंवा एका बाजूची टोपी दुसरीपेक्षा खूप गरम असेल, तर तिथेच थांबून चाक उचलायचं. बेअरिंग एकदम जात नाही. आधी गरम होतं, मग घरघरतं, मग चाकाला हात लावून हलवलं की खेळ जाणवतो. आणखी एक, तापलेलं हब तसंच नाल्यात घालायचं नाही. गार पाण्यात हब एकदम आकसतं, आतली हवाही आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग टोपी उघडली की ग्रीस दुधासारखं पांढरं निघतं. पावसाळ्यानंतर नाल्यांतून गेलेल्या कोणत्याही ट्रेलरची टोपी उघडून बघा. बेअरिंगचा एक जोड, सील, स्प्लिट पिन आणि ग्रीसची डबी आम्ही कायम बरोबर ठेवतो, आणि चाकं जीपच्याच मापाची घेतली आहेत, म्हणजे जादा चाक दोघांना चालतं.

चाकांचं माप आणि दोन चाकांमधलं अंतर जीपइतकंच ठेवायला आणखी मोठं कारण आहे, काळी माती. माळव्याची ही माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्यात तिच्यावरून खुशाल जा. एक जोराची सर पडली की तीच माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, वर आणखी थर चढतो आणि चाक मडगार्डला जाऊन घासतं. ट्रेलरच्या चाकांना इंजिनचा जोर नसतो, ती नुसती ओढली जातात, त्यामुळे मडगार्डमध्ये माती दाटली की चाक फिरायचं थांबतं आणि ट्रेलर घसरगाडी होतो. अंतर जीपइतकं असेल तर ट्रेलर जीपनं पाडलेल्या चाकोरीतून येतो, नाहीतर स्वतःची दुसरी चाकोरी फोडत येतो आणि जीपचा निम्मा जोर त्यातच जातो. चाक आणि मडगार्डमध्ये आमच्या ट्रेलरला वीतभर जागा आहे, आणि मडगार्ड दोन बोल्टांत निघतं.

रेतीत टायरची हवा कमी केली की काम होतं. नर्मदेच्या काठच्या वाळूत आम्ही जीप आणि ट्रेलर दोन्हींची हवा १८–२० पीएसआयवर आणतो आणि बाहेर आल्यावर पंपानं पुन्हा भरतो. काळ्या मातीत त्याचा मला तितकासा उपयोग दिसलेला नाही. तिथे उपाय एकच, थांबणं. ऊन पडलं तर दुपारपर्यंत वर पपडी धरते. ढग असतील तर मुक्काम वाढवायचा. म्हणून पिठाचा एक जादा डबा आम्ही वजनाच्या वहीतून कधीच खोडला नाही. आणि शेताच्या वाटेवर ओल्यात गाडी घालणं शेतकऱ्याच्या दृष्टीनंही वाईट. आपण पाडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्या बैलगाडीला, मोटरसायकलला त्रास देते. रब्बीची पेरणी उरकून वाटा कडक झाल्या की ट्रेलरचा हंगाम सुरू, तो वळवाचा पाऊस येईपर्यंत.

त्या कोरड्या हंगामात धूळ हा वेगळा विषय. जीपच्या आणि ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ मागच्या दाराच्या फटींतून आत ओढली जाते. आमचा ओटा नेमका तिथे. पोह्यांच्या डब्यावर, जिरावण मसाल्याच्या बाटलीवर, गाद्यांच्या घड्यांत बारीक पिवळट पीठ. सियागंजातून पोकळ रबराची पट्टी आणून दाराला चहूबाजूंनी लावली, त्यानं बरंच भागलं. उरलेलं काम केलं ते टपावर पुढच्या अंगाला बसवलेल्या एका छोट्या झडपेनं. ती चालताना उघडी ठेवायची. वरची त्यामानानं स्वच्छ हवा जाळीतून आत शिरते, पेटीत दाब वाढतो आणि फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. पावसात विसरायची नाही, एवढंच.

खडबडीत रस्ता पेचांनाही सोडत नाही. प्लायवूडमध्ये नुसते स्क्रू मारलेत ते सगळे सुटतात. आरपार बोल्ट, मोठा वायसर आणि नायलॉनचा नट, याला पर्याय नाही. खालच्या महत्त्वाच्या नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. गॅसची नळी, वायरी जिथे लोखंडाला टेकतात तिथे रबर. साखळ्या दोन, ड्रॉबारखालून एकमेकींवर तिरप्या नेलेल्या, म्हणजे हिच सुटलाच तर नाक जमिनीत न रुतता साखळ्यांत झेललं जातं. गोळ्याचा साधा हिच पक्क्या रस्त्याला ठीक, पण नाल्याच्या काठावर जीप वर आणि ट्रेलर खाली तिरका असताना तो एका मर्यादेपुढे फिरत नाही आणि जोर लोखंडावर येतो. कच्च्या वाटांसाठी तिन्ही दिशांना फिरणारा हिच घ्यावा. इथे पैसे वाचवू नयेत.

विजेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, टपावर सौर पाट्या आणि चालताना जीपकडून चार्जिंग. जीपकडून येणारी तार जाड हवी, एवढ्या लांबीत बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरतच नाही. उन्हाळ्यात निमाडात पेटी तापते तेव्हा फ्रिज जवळजवळ अखंड चालतो, म्हणून ट्रेलर सावलीत आणि पाट्या वेगळ्या काढून उन्हात ठेवता येतील अशी सोय बरी.

एका हिवाळ्यात आम्ही गांधीसागरकडे गेलो होतो. चंबळेवरचं हे धरण १९६० मध्ये पूर्ण झालं, आणि मागचं पाणी इतकं पसरलेलं आहे की समोरचा काठ धुरकट दिसतो. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय तळ टाकायचा नसतो. आम्ही हद्दीबाहेर एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधालगत राहिलो, पाण्यापासून बरंच लांब, कारण चंबळेत मगरी आहेत. तिथे ट्रेलर टेकवून जीप घेऊन भानपुऱ्याला गेलो. यशवंतराव होळकरांचा शेवट १८११ मध्ये तिथेच झाला, त्यांची छत्री आहे. सासूबाईंनी ती बघायची किती वर्षं मनात धरली होती. एवढ्या लांब येऊनही त्या दमल्या नव्हत्या. संध्याकाळी परत आलो तेव्हा त्यांचा बिछाना तयार होता, ओट्यावर चहा ठेवता येत होता, आणि त्यांना कुठेही चढावं लागलं नाही. हा सगळा खटाटोप कशासाठी केला, असं कोणी विचारलं तर मी त्या संध्याकाळचं नाव घेते.

पावसाळ्यात ट्रेलर माझ्या माहेरच्या शेतावर शेडमध्ये असतो. चार कोपऱ्यांना स्टँड लावून टायरवरचा भार काढायचा. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वयानं जातात, म्हणून खाचा बघून समाधान मानू नये, ती खूण बघावी. सोयाबीन घरात आलं की उंदीरही येतात आणि वायरींवर त्यांचा डोळा असतो. गाद्या घरी, खाण्याचा कणही आत नाही, आणि वायरी शक्य तिथे पाइपातून.

वर्षाला एकदा किंवा दोनदाच बाहेर पडणाऱ्यांना मी ट्रेलर घ्या म्हणत नाही. तंबू आणि जीप पुरते, आणि उभा राहिलेला ट्रेलर चालणाऱ्यापेक्षा लवकर खराब होतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, एका जागी तीन-चार दिवस राहायची आवड असेल आणि उभा करायला स्वतःची जागा असेल, तर जरूर विचार करा. जुना विकत घेत असाल तर मालकाला तो भरून धरमकाट्यावर न्यायला सांगा. जो नेईल त्याच्याशी पुढचं बोला.

आमचं सध्याचं काम पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचं आहे. पाटे बसवले तेव्हा आठशे किलोंच्या हिशेबानं बसवले होते. वजन उतरल्यावर ते कडक पडतात, खड्ड्यात चाक दबण्याऐवजी सगळा ट्रेलर उडतो आणि आतली भांडी त्याच्याबरोबर. चाचांचं मत, प्रत्येक बाजूच्या पाट्यांतला एक पाता काढून बघा. भाऊजींना शॉक अॅब्सॉर्बर बदलावेसे वाटतात. मी पाता काढायच्या बाजूनं आहे, कारण तेवढं लोखंड आणखी कमी होईल. दिवाळीआधी चाचांकडे वेळ घेतली आहे. पाता काढला की पुन्हा काट्यावर, आणि मग जाम दरवाज्याच्या घाटात.